पुणे आवृत्तीत भरती-ओहोटीची वेळ छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आपल्या पुरवणीत वेगळ्या वाटेच्या शिक्षणाबद्दल जी चौकट आली होती, तीत सागरविज्ञानाला चार ओळी मिळाल्या होत्या. त्या चार ओळींनी आमच्या घरात आठवडाभर वाद पेटवला. पुतणीच्या मुलीला समुद्राचाच अभ्यास करायचा आहे आणि तिच्या वडिलांचं एकच पालुपद: ‘पुण्यात राहून समुद्र?’

मी शहरातल्या एका महाविद्यालयात एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. शिकवणारा नव्हे, बरण्या पुसणारा आणि फॉर्मलिन बदलणारा. तेवढ्याच अधिकारात हे लिहितो आहे.

आमच्या कपाटात समुद्र होता, पण पिवळट. फॉर्मलिनमध्ये काही वर्षं राहिलं की तारामासा, समुद्रफूल (नावाचंच फूल, खरं तर प्राणी), खेकडा सगळ्यांचा रंग एकच होतो, जुन्या वर्तमानपत्राचा. समुद्रफुलाच्या बरणीत तळाशी सुरकुतलेल्या सुपारीसारखं काहीतरी होतं. मुलं त्याची आकृती काढायची, नावं द्यायची आणि सही घ्यायची. शेकडो जर्नलं त्या एका सुपारीवर पूर्ण झाली.

नोकरीच्या चौथ्या वर्षी सहल निघाली, हरिहरेश्वरला. सोमवारी कॉलेज बुडायला नको म्हणून रविवारी सकाळी सहाला बस आणि रात्री परत. ताम्हिणी उतरून पोहोचेपर्यंत सव्वाअकरा झाले. बादल्या, चिमटे, भिंगं घेऊन आम्ही खडकांकडे गेलो तर खडकच नव्हते! पाणी थेट पायऱ्यांशी धडकत होतं. त्या दिवशी पौर्णिमा होती. देवळाला प्रदक्षिणा घालायची तर खडकांवरून ओहोटीतच जावं लागतं, म्हणून पुजाऱ्यांना वेळ विचारणाऱ्या आजीबाई आमच्या शेजारीच उभ्या होत्या. यात्रेकरूंना जे कळत होतं ते आमच्या विभागाला सुचलं नव्हतं. मुलांनी फोटो काढले, सोलकढी प्यायली, आणि मी रिकाम्या बादल्या परत टपावर चढवल्या.

कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या एका मावशींनी तिथे मला हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. पंधरा मिनिटं इकडे-तिकडे, पण आपल्या किनाऱ्यावर चालतो हा हिशेब. ओहोटी भरतीच्या सहाएक तास आधी आणि नंतर. म्हणजे पाहा, अमावास्या-पौर्णिमेला, जेव्हा पाणी सगळ्यात लांब हटतं, तेव्हा ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास. दुपारची ओहोटी मिळते ती अष्टमीच्या आसपास, भांगेची, म्हणजे उधाणाच्या उलट, लहान भरती-ओहोटीच्या दिवसांतली, आणि तेव्हा पाणी फारसं हटतच नाही. पुण्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्या बसला चांगली ओहोटी गाठताच येत नाही. त्यात भरती रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. अकरा ते पाचच्या वेळापत्रकात ही गोष्ट बसवणार कशी?

दोन वर्षांनी एक तरुण सर आले. त्यांच्याबरोबर मुक्कामी गेलो आणि पहाटे पाचला टॉर्च घेऊन खडकांवर उतरलो. वर कोरड्या कपारींत बारीक गोगलगायी, त्याखाली बार्नकलचा, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या बारीक जिवांचा, खरखरीत पट्टा, मग कालवं आणि अगदी खाली शेवाळ. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरतो, त्यावर प्रत्येकाची पायरी ठरलेली. फळ्यावर तासभर लागतो ते समजवायला, तिथे मान वरून खाली नेली की झालं. एका डबक्यात हिरवट-तपकिरी फूल उमललेलं होतं. मी बोट लावलं, ते बोटाला चिकटलं आणि क्षणात मिटलं. तीच ती सुपारी! सहा वर्षं मी तिची बरणी पुसत होतो.

आता ‘पुण्यात राहून समुद्र’बद्दल. मुळशीत अडवलेलं मुळेचं पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत उतरतं आणि रेवदंड्याला अरबी समुद्रात जातं. मुठेचं पाणी भीमा, उजनी, कृष्णा करत आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळतं. आपण मुठेत जे सोडतो तेही त्याच वाटेने निघतं. म्हणजे पुण्याला समुद्र नाही असं नाही, दोन आहेत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्याच दिवशी आमच्या सोसायटीतला गुलमोहर आडवा झाला. पाऊस समजून घ्यायचा तर समुद्राचं तापमान पाहावं लागतं, आणि ते काम इथेच, १९६२ साली पुण्यात सुरू झालेल्या, पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत चालतं.

तरीही पदवीसाठी तिला बाहेर जावं लागेल, हे वडिलांचं म्हणणं खरं आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, पण मत्स्यविज्ञान आणि किनाऱ्याचं परिसरशास्त्र एक नव्हे, पालक इथे हमखास गल्लत करतात. गोवा विद्यापीठ आहे, कोची आहे. पोहता येत नसेल तर आधी ते शिकावं, असा माझा आगाऊ सल्ला. नोकरीचं विचाराल तर १९९१ च्या किनारा नियमनापासून भरतीरेषा नेमकी कुठे, यावर बांधकामं अडतात आणि सुटतात. ती रेषा ओळखणारी माणसं लागतातच.

आणि पुण्यातल्या महाविद्यालयांना सांगणं एवढंच, की बी.एस्सी.च्या मुलांना निदान एक पंधरवडा किनाऱ्यावर ठेवा, अमावास्या ते पौर्णिमा. एक उधाण, मधली भांग आणि पुन्हा उधाण. खर्च तालुक्याच्या गावी राहण्याजेवणाचा. हजेरी ओहोटीला घ्या, मग ती पहाटे पाचची का असेना.

आपल्यालाही एक विनंती. रोज सूर्योदय-सूर्यास्त छापता, तसंच शेजारी भरती-ओहोटी छापा. पुण्याच्या आवृत्तीतही. जागा एका ओळीचीच लागेल.

कळावे,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कोथरूड, पुणे