लाल पत्र आलं म्हणून पॉलिसी मोडू नकोस

हॅरो, १४ नोव्हेंबर २००४

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा आवाज ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. फोनवर आकडे निसटतात, म्हणून लिहायलाच बसले. विमा कंपनीचं ते तुटीचा इशारा देणारं लाल पत्र आलं म्हणजे घर गेलं असं मुळीच नाही. कर्ज ६०,००० पौंडांचं. तुम्ही त्याचं नुसतं व्याज भरता, मुद्दल २०१७ साली एंडाउमेंट पॉलिसीतून (विमा आणि बचत एकत्र) फेडायचं, आणि वर्षाला ६ टक्के वाढ धरली तर पॉलिसीतून ४४,००० च येतील, इतकंच कंपनी कळवते आहे. तूट १६,००० ची आहे आणि हाताशी अजून तेरा वर्षं आहेत.

यात तुमचं दोघांचं काही चुकलेलं नाही. १९९२ साली एंडाउमेंट घेताना वाढीचे अंदाज फार चढे धरलेले होते. पुढे व्याजदर उतरले. १९९९ च्या अखेरीस ६,९३० वर गेलेला फुटसी (लंडनच्या शेअर बाजाराचा निर्देशांक) गेल्या वर्षी मार्चमध्ये ३,३०० च्या खाली आला आणि विमा कंपन्यांनी पॉलिसीत जमा होणाऱ्या बोनसला कात्री लावली. मी बिल्डिंग सोसायटीच्या, म्हणजे घरकर्ज देणाऱ्या संस्थेच्या, काउंटरवर काम केलं आहे. एंडाउमेंट खपवली की विमा कंपनीचं कमिशन मिळायचं, मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडत जाणाऱ्या साध्या हप्त्याच्या कर्जावर ते नसायचं. तरुण जोडप्यांच्या गळ्यात ती कशी घातली जायची ते मी पाहिलंय, आणि त्याचा मला आजही संताप येतो.

जावईबापू म्हणतात, पॉलिसी मोडून मोकळं होऊ. त्यांना म्हणावं, आईंनी थांबायला सांगितलंय. मोडली तर कंपनी देईल ती रक्कम तुटपुंजी असेल, मुदत संपताना मिळणारा शेवटचा बोनस जाईल आणि तुम्हा दोघांचा विमाही संपेल. पदरात लहान मूल असताना विम्याशिवाय राहायचं नाही. उद्या खरंच नको झाली, तर अशा जुन्या पॉलिसी विकत घेणारे दलाल आहेत. ते बहुधा कंपनीपेक्षा जास्त देतात. त्यांचा भाव काढल्याशिवाय कशावरही सही करू नकोस.

आता तुटीचं. तुम्हाला कर्ज देणाऱ्या सोसायटीला सांगून कर्जाचे दोन भाग कर. ४४,००० आहेत तसेच पॉलिसीवर राहू देत. उरलेल्या १६,००० चे मुद्दल आणि व्याज मिळून हप्ते बांधून घे. तुमच्या पावणेसहा टक्के दराने या भागाचं नुसतं व्याजच आज महिन्याला ७७ पौंड जातं. तेरा वर्षांत मुद्दलासकट फेडायचं तर १४६ लागतील. म्हणजे महिन्याला ६९ पौंड जास्त. पाळणाघराच्या खर्चात हे जड जाईल, मला कळतं. या भागाची मुदत वाढवून हप्ता उतरवता येईल, पण व्याज तितकी वर्षं जास्त जाईल. त्यापेक्षा सुरुवातीला थोडे आम्ही देऊ, त्यात संकोच नको. शेअरच्या आयसात (करमुक्त बचतीच्या खात्यात) पैसे घालून तूट भरून काढा असं कोणी सुचवलं तर नाही म्हण. ज्या बाजारामुळे ही वेळ आली, त्याच्याच भरवशावर पुन्हा घर ठेवायचं नाही. पॉलिसीचा अंदाजही दरवर्षी बदलेल, तेव्हा पुढचं पत्र आलं की हा हिशोब पुन्हा मांडू.

दुसरं काम तक्रारीचं. 'कर्ज नक्की फिटेल, वर पैसे उरतील' असंच विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि जोखमीबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, असं तू म्हणालीस. मग तक्रार करायचीच. आधी ज्यांनी विकली त्यांच्याकडे, लेखी. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही किंवा पटला नाही, तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र लवादाकडे, जायचं. तिथे आपल्याला एक पेनीही पडत नाही, त्यामुळे भरपाईत टक्केवारी मागणाऱ्या एजंटांना दारात उभं करू नकोस. मात्र भरपाई २०१७ च्या तुटीची मिळत नाही. पहिल्यापासून साधं हप्त्याचं कर्ज घेतलं असतं, तर आज तुम्ही जिथे असता, तिथवरचा फरक मिळतो. आणि याला मुदत आहे: सर्वसाधारणपणे पहिलं लाल पत्र आल्यापासून तीन वर्षं. त्या पत्राची तारीख आजच बघून ठेव.

शनिवारी या दोघं. १९९२ ची फाइल आण, त्यात विकणाऱ्याने हाताने आकडे लिहून दिलेला कागद असेल तर तो आधी शोध. तक्रारीचं पत्र आपण इथेच बसून लिहू. बाबा पिल्लाला सांभाळतील.

तुझी,
आई