ऑइलचा लाल दिवा आणि न लावलेला गेज

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ऑइल प्रेशर न मोजताच इंजिन निकामी ठरवल्याबद्दल

महोदय,

‘क्रँकची बेअरिंग गेली, पूर्ण इंजिन काम करावे लागेल’ असे सांगून तुमच्या सर्व्हिस सेंटरने माझी 17 वर्षांची पेट्रोल गाडी जवळजवळ मोडीत काढली होती. तीच गाडी आज रोज चालते आहे, आणि क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, कोणी हातही लावलेला नाही.

इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरमधून ऑइल पाझरत होते म्हणून तुमच्याकडे पॅकिंग बदलून घेतले. तीन आठवड्यांनी, गाडी वेगात असताना ऑइलचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ टॅपेटची टकटक सुरू झाली. लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केले. डिपस्टिक पाहिली तर ऑइल वरच्या खुणेला, खाली एक थेंब नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा स्टार्टर मारला (मारायला नको होता, कबूल). दिवा विझलेला, आवाज गायब. रेस वाढवली आणि मिनिटभरात दिवा परत हजर. मग मात्र गाडी टो करूनच तुमच्याकडे आणली.

हे सगळे मी जॉबकार्ड लिहिणाऱ्याला जसेच्या तसे सांगितले. कार्डावर उतरले ते एवढेच : ‘ऑइल लाइट येते.’

खरी मेख मात्र त्या गाळलेल्या तपशिलातच होती. बेअरिंग झिजत गेली की प्रेशर हळूहळू उतरत जाते. इंजिन गरम झाल्यावर आयडलला (रेस न देता) दिवा लुकलुकतो आणि रेस दिली की विझतो. माझ्या गाडीत नेमके उलटे होत होते. रेस वाढली की पंपाला जास्त ऑइल लागते; तेव्हाच प्रेशर पडत असेल, तर ऑइल पंपापर्यंत पोहोचते आहे का, हे आधी बघायला नको? इंजिन बंद केले की ओढ थांबते, पंपाकडे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या (पिकअपच्या) जाळीवरचा कचरा सुटतो, म्हणून थोडा वेळ सगळे ठीक वाटते.

बरे, लक्षणे बाजूला ठेवू. ऑइलचा स्विच काढून त्या जागी प्रेशर मोजायचा गेज लावायला कितीसा वेळ लागतो? दिवा लागतो तो प्रेशर साधारण 0.3 ते 0.5 बारच्या खाली गेल्यावर. नेमके किती आहे ते तो सांगत नाही, आणि स्विचच बिघडला असेल तर चक्क खोटे बोलतो. तुमच्या रिपोर्टमध्ये प्रेशरचा एकही आकडा नाही. विचारल्यावर सुपरवायझर म्हणाले, “साहेब, जुन्या गाडीत हेच निघतं.”

दुसऱ्या मेकॅनिकने आधी गेजच लावला. गरम इंजिनात आयडलला 1.2 बार, 2500 आरपीएमला काटा वर जायचा सोडून थरथरत 0.4 वर आला. फिल्टर कापून त्याच्या कागदाची घडी न् घडी उलगडली, धातूची चमक कुठेच नाही, म्हणजे बेअरिंग झिजल्याची खूण नाही. मग चेंबर उतरवला. पिकअपच्या जाळीला करड्या सिलिकॉनचे दोरे चिकटले होते, गांडुळांसारखे, आणि चेंबरच्या कडेला आतून त्याच रंगाचे ओघळ, नखाने सहज सुटणारे. तुमच्यानंतर तो चेंबर कोणी उघडलेला नव्हता. पॅकिंगबरोबर सिलिकॉन थापले गेले आणि जास्तीचे आत सुटले, हे सांगायला तज्ज्ञ नको.

जाळी साफ केली, पिकअपची ओ-रिंग बदलली, जास्तीचे प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह काढून पुसला, ऑइल आणि फिल्टर नवे टाकले. आता 3000 आरपीएमला गेज 3.6 बार दाखवतो.

तुमच्या तपासणीचे आणि आधीच्या चेंबरच्या कामाचे पैसे परत हवेत, दुसऱ्या मेकॅनिकचे बिल तुम्ही भरावे. गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमधला ‘इंजिन निकामी’ हा शेरा काढून तसे लेखी कळवावे. गाडी विकताना तो मला भोवेल. आणि गेज का लावला नाही, याचे उत्तर सुपरवायझरच्या अनुभवाचा दाखला न देता द्यावे. 15 दिवस वाट पाहीन.

दोन्ही बिले आणि जाळीचे फोटो सोबत जोडले आहेत. सिलिकॉनचे दोरे बाटलीत भरून ठेवले आहेत. बघायचे असतील तर तुमचा माणूस पाठवा. बाटली मात्र माझ्याकडेच राहील.

आपला,
एक ग्राहक