ऑक्टेन आणि सायलेन्सरचा आवाज

संपादक महोदय,

१०० ऑक्टेनचे पेट्रोल भरले की गाडीचा आवाज ‘भारदस्त’ होतो, ही समजूत अर्धवट आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे; दाबाखाली आपोआप पेट न घेण्याची क्षमता. ९१ ऑक्टेनसाठी बनलेल्या साध्या इंजिनात १०० ओतले, तरी सायलेन्सरमधून तोच आवाज येतो. आवाज ठरतो सिलिंडरची संख्या, पाइपचा व्यास, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) आणि मफलर (आवाज दाबणारा डबा) यांवर.

फरक पडतो तो टर्बो (जादा हवा आत कोंबणाऱ्या) किंवा जास्त कॉम्प्रेशनच्या (हवा-पेट्रोल अधिक दाबणाऱ्या) इंजिनात. कमी ऑक्टेन मिळाले की नॉक सेन्सर (पेट्रोल आपोआप पेटल्याने होणारी टकटक, म्हणजे ‘नॉक’, ओळखणारा) ठिणगी काही अंश उशिरा पाडायला लावतो. ज्वलन लांबते, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना वायू अधिक तापलेला आणि दाबाखाली असतो, म्हणून आवाज किंचित घोगरा होतो. म्हणजे गंमत अशी, की योग्य पेट्रोलवर असे इंजिन उलट किंचित सौम्य वाजू शकते!

चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच येणारी धातूची टकटक, म्हणजे हाच नॉक, मात्र इंजिनाची, सायलेन्सरची नव्हे. तेव्हा गिअर उतरवावा, पाय सैल करावा आणि टाकीच्या झाकणामागे लिहिलेले ऑक्टेन भरावे. थंड इंजिनात टिकटिक होऊन गरम झाल्यावर ती थांबत असेल, तर मॅनिफोल्डचे (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांचे) गॅस्केट, म्हणजे जोडातली गळतीरोधक पट्टी, तपासावे. जोडाभोवती काजळी दिसते. नट आवळून भागले नाही तर गॅस्केट बदलावे. ते पंपावर मिळत नाही.

— एक वाचक, पुणे