नोव्हगोरोदच्या त्या आजींचे मनापासून आभार

उणे अठरा तापमानात आम्ही चौघी मैत्रिणी रशियातलं वेलिकी नोव्हगोरोद शहर बघायला निघालो. तिथल्या क्रेमलिनमधलं, म्हणजे जुन्या किल्ल्यातलं, ११ व्या शतकातलं सेंट सोफिया कॅथेड्रल पाहून वोल्खोव नदीवरच्या पादचारी पुलावर आलो, तोवर माझी बोटं पार बधिर झाली होती. समोरून आलेल्या एका आजींनी माझे हात आपल्या हातांत घेऊन चोळले, स्वतःचे करड्या लोकरीचे हातमोजे काढून मला घातले आणि निघूनही गेल्या. मोजे आतून अजून उबदार होते. आजी, तुमचं नावही विचारता आलं नाही हो!

संग्रहालयातल्या ताईंचेही आभार. १९५१ पासून इथल्या मातीत सापडत आलेली भूर्जाच्या सालीवरची पत्रं त्यांनी बंद व्हायची वेळ झाली तरी न कंटाळता दाखवली.