टीव्हीवर वाचलेली प्रुफे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

घरी सर्व कुशल आहे. गुडघा आहे तसाच आहे. ऐन प्रुफांच्या घाईत मॉनिटर बंद पडला, म्हणून संगणक दिवाणखान्यातल्या 43 इंची फोर-के टीव्हीला जोडला, आणि पहिल्याच पानावर मला डोळ्यांची शंका येऊ लागली. काळा मजकूर स्वच्छ दिसत होता. लाल रंगातल्या दुरुस्त्यांचे रफार मात्र पसरट झाले होते आणि ‘मुलांना’वर अनुस्वार दिला आहे की नाही, हे खात्रीने सांगता येईना.

पडद्यावरचे ठिपके (पिक्सेल) कमी पडत होते असे नाही. जुन्या 24 इंची फुल-एचडी मॉनिटरवर इंचाला सुमारे 92 ठिपके बसत, इथे 102 बसतात. पण हा टीव्ही उजेड प्रत्येक ठिपक्याला वेगळा देत असला, तरी रंग चार-चार ठिपक्यांत मिळून एकच दाखवत होता. क्रिकेटच्या मैदानावर ते कळत नाही, अनुस्वारावर लगेच कळते. त्यातच टीव्ही ‘शार्पनेस’च्या नावाखाली अक्षरांभोवती पांढरी कड काढत होता. सेटिंगमध्ये संगणक जोडलेल्या एचडीएमआय इनपुटला ‘पीसी’ असे नाव देऊन रंगही ठिपक्यागणिक वेगळा करून घेतला आणि शार्पनेस उतरवला, तेव्हा कुठे लाल अनुस्वार जागेवर आला.

हे तुलाच लिहावेसे वाटले, कारण तुमच्या टीव्हीच्या अँटेनाच्या जागी स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाची वायर खुपसून आपण दोघांनीच चॅनल जुळवले आहे. ओळीला 32 अक्षरे आणि एकूण 24 ओळी, एवढाच त्याचा पसारा. ते यंत्र घरच्या टीव्हीसाठीच बनवलेले असल्याने अक्षरे ठसठशीत असत. ‘रामायण’ सुरू होणार म्हणून काकूंनी हाक मारताच तू वायरीबरोबर वीजही काढलीस आणि कॅसेटवर न उतरवलेला माझा प्रोग्रॅम गेला. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेले नाही.

काळजी आहे ती शब्दकोशाच्या प्रुफांची. त्यांत टाइप बारीक आहे, आणि हाताच्या अंतरावर बसले की एवढ्या पडद्याच्या कडा पाहायला मान सतत वळवावी लागते. संध्याकाळी थकल्यावर नेमका कडेचाच काना सुटेल, अशी धास्ती वाटते. म्हणून कोशापुरता तरी मॉनिटर घ्यावा, या मतापर्यंत मी आलो आहे. तुझे मत कळव.

वहिनींची बदली झाल्याचे कळले, फार बरे झाले. चिरंजीव कामासाठी टीव्हीच घेणार असेल, तर त्याला दुकानात लॅपटॉप न्यायला सांग आणि काळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल मराठी मजकूर वाचून मगच पैसे द्यायला सांग.

तुझा,
अनंत