लांडराट म्हणजे जिल्हाधिकारी नव्हे

संपादक महोदय,

प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या नोकरशाहीचा विषय निघाला की ‘परीक्षा द्या आणि वर चढा’ असे चित्र हमखास रंगवले जाते, आणि लांडराट या तिथल्या स्थानिक अधिकाऱ्याच्या पदनामाचे भाषांतर ‘जिल्हाधिकारी’ असे केले जाते. या दोन्ही समजुती दुरुस्त व्हायला हव्यात.

1815 च्या रचनेत वर प्रांत आणि त्याचा ओबरप्रेसिडेंट, मधे प्रांताचा विभाग म्हणजे रेगिएरुंग्सबेझिर्क (थोडक्यात बेझिर्क) आणि त्याचा प्रमुख रेगिएरुंग्सप्रेसिडेंट, आणि तळाशी क्राइस व त्याचा लांडराट. वेस्टफालिया प्रांतात बेझिर्क तीनच होते: म्युन्स्टर, मिंडेन आणि आर्न्सबर्ग. क्राइसचा जीव साधारण आपल्या तालुक्याएवढा. तेव्हा आपल्या जिल्हाधिकाऱ्याशी तुलना करायचीच तर ती मधल्या पायरीशी करावी.

आता परीक्षेविषयी. 1879 च्या कायद्याप्रमाणे उमेदवाराने विद्यापीठात किमान तीन वर्षे कायदा शिकायचा, पहिली परीक्षा द्यायची, मग दोन वर्षे न्यायालयात आणि दोन वर्षे प्रशासनात रेफरेंडार म्हणून उमेदवारी करायची. त्यानंतर बर्लिनची मोठी परीक्षा. ती उत्तीर्ण झाला की असेसर, म्हणजे वरच्या पदांसाठी पात्र ठरलेला अधिकारी. कागदावर हे चोख दिसते. पण प्रशासनातल्या उमेदवारीसाठी कोणाला घ्यायचे हे ठरवत रेगिएरुंग्सप्रेसिडेंट, आणि उमेदवारीच्या काळात पगार नाही. असेसर झाल्यावरही सुरुवातीला बहुधा बिनपगारी काम. घरची शेतीवाडी किंवा श्रीमंत वडील पाठीशी नसतील, तर हुशार मुलगाही या वाटेला जात नसे. गाळणी परीक्षेच्या आधीच लागलेली होती. या वाटेवरून उतरून जाणारेही होते. पुढे जर्मनीचे चान्सलर झालेले बिस्मार्क 1836 मध्ये आखेन शहरात रेफरेंडार होते, पुढच्या वर्षी रजा संपूनही परतले नाहीत, नंतर पॉट्सडॅमला गेले आणि मोठी परीक्षा न देताच नोकरी सोडली.

रोजचे काम कसे चाले, तेही पाहण्यासारखे आहे. मसुद्याचा कागद उभा दुमडत. एका अर्ध्यात मजकूर लिहायचा, दुसरा अर्धा वरिष्ठांच्या दुरुस्त्यांसाठी कोरा ठेवायचा. मंजुरी मिळाली की लेखनिक स्वच्छ प्रत काढत आणि ती सहीनिशी बाहेर जाई. दुरुस्त्यांनी भरलेला मूळ मसुदा मात्र दप्तरी राही. फायली दोऱ्याने शिवलेल्या असत, त्यामुळे मधलेच एखादे पान गुपचूप काढून घेणे सोपे नव्हते. कोणी काय बदलले, हे आजही त्या पानांवर दिसते. शिस्तीचे कौतुक करायचे तर या पद्धतीचे करावे.

लांडराटची नेमणूक राजा करी, पण क्राइसच्या सभेला नाव सुचवण्याचा हक्क होता. म्हणून असेसरला आधी हंगामी पाठवत. तिथल्या जमीनदारांशी त्याचे जमले तर तो कायम होई. याचा अर्थ असा की लांडराटला दोन मालक होते, बर्लिन आणि गाव. 1899 च्या ऑगस्टमध्ये या दोघांची टक्कर झाली. ऱ्हाईन आणि एल्ब या नद्यांना जोडणाऱ्या कालव्याचे विधेयक सरकारने आणले. पूर्वेकडच्या जमीनदारांना स्वस्त परदेशी धान्य आत येण्याची धास्ती होती, आणि त्यांच्यातूनच आलेले लांडराट विधानसभेचे सदस्यही होते. त्यांनी सरकारविरुद्ध मत दिले. 2 रेगिएरुंग्सप्रेसिडेंट आणि 18 लांडराट यांना लगेच घरी बसवण्यात आले. चौकशी नाही, आरोपपत्र नाही. 1852 च्या कायद्याने अशा पदांवरच्या माणसाला ‘तात्पुरती निवृत्ती’ देता येत असे, निम्मेशिम्मे वेतन चालू ठेवून. त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे पुन्हा पदे मिळाली, काहींना तर आधीपेक्षा वरची. कालव्याचे विधेयक 1905 मध्ये मंजूर झाले, पण फक्त हॅनोवरपर्यंत.

— प्रशासनाच्या इतिहासाचा एक वाचक, पुणे