घरबांधणी श्रमदान : रविवारची सूचना

सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सर्व सभासदांस व युवकांस,

येत्या रविवारी वाडा तालुक्यातल्या पाड्यावर एका कुटुंबाच्या घराच्या भिंती उचलायच्या आहेत. पहिल्या मिस्सानंतर (चर्चमधल्या सकाळच्या उपासनेनंतर), सव्वासात वाजता टेम्पो चर्चच्या फाटकातून सुटेल. कोणासाठी थांबणार नाही.

जोतं झालं आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचं अनुदान १ लाख २० हजार रुपये, तेही काम पुढे सरकेल तसं हप्त्यांनी. किमान २५ चौरस मीटरचं घर तेवढ्यात होत नाही. बराच पैसा मजुरीत जातो. ती मजुरी आपण वाचवायची.

– शनिवारी संध्याकाळी चौघांनी जाऊन विटा भिजवाव्यात. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी शोषते, सांधा कच्चा राहतो.
– बूट घालून या. घमेली-फावडी तिथे आहेत. थापी आणि ओळंबा गवंडीदादांकडेच. ते सांगतील तेवढंच करायचं. (मागाहून भिंत पाडण्यापेक्षा हे बरं!)
– डबा-पाणी आपापलं. त्या घरावर भार नको.
– धर्माचा विषय काढायचा नाही, घरच्यांचे फोटो काढायचे नाहीत. प्रार्थना आपण चर्चमध्ये करूनच निघतोय.

१८ वर्षांखालील मुलांना आणू नये. नावं शुक्रवारपर्यंत सचिवांकडे द्या. पुढचे सात दिवस भिंतींवर पाणी मारायला कोण जाऊ शकेल, तेही कळवा.

– सचिव